चावी मिळेपर्यंत

लालबागच्या आमच्या चाळीवर नव्या इमारतीचा बोर्ड लागला आणि सगळ्यांना आयुष्य पुढे ढकलायची सवयच जडली. जो तो म्हणायचा, पुढचे गणपती नव्या घरात. शेजारच्या काकू हाताने कपडे बडवत राहिल्या, कारण वॉशिंग मशीन घ्यायचं ते नव्या घरात. समोरच्यांनी खिडकीची फुटकी काच बदलली नाही. आणि आम्ही नवरा-बायकोने मूल होऊ दिलं नाही.

एका खोलीत चार माणसं. सासरे गॅलरीत झोपायचे, सासूबाई मोरीला लागून आणि आमचा संसार कपाटाच्या आड. सासूबाई मालवणकडच्या, तोंडाने फटकळ. त्यांनीच मला सांगितलं होतं, "घाई कित्याक? चावी गावांदे, मगे पाळणो." मला ते पटलं, बरंही वाटलं. मैत्रिणींच्या सासवा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून गोड बातमीसाठी जीव खायच्या आणि माझी सासू थांब म्हणत होती. माहेरी मी ते मिरवलंसुद्धा.

गणपती आले, गेले. चाळ पाडली, आम्ही ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या खोलीत गेलो. ती आधीच्या खोलीहून लहान. काम थांबलं, कोर्टात गेलं, पुन्हा सुरू झालं. सासरे तिथेच वारले. अखेर चावी हातात पडली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. बेडरूमच्या दाराला आतून कडी होती, तिचंच मला कोण अप्रूप! पण वर्ष उलटलं तरी दिवस राहिले नाहीत, तेव्हा आम्ही दादरच्या एका दवाखान्याची पायरी चढलो.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी कागदावर दोन दोन रेघा काढून समजावलं. बाईच्या पोटातली स्त्रीबीजं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. त्यांत क्रोमोसोमच्या जोड्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. बीज पिकतं तेव्हा त्या जोड्या नीट सुटाव्या लागतात. निम्मे क्रोमोसोम बीजात राहतात, निम्मे बाहेर पडतात. "त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं," त्या म्हणाल्या. "ते झिजलं की पुन्हा फारसं भरून निघत नाही. वयाबरोबर पकड ढिली होते. मग जोड्या वेळेआधीच सुटतात, नाहीतर भलत्याच बाजूला जातात. बीजात एखादा क्रोमोसोम जास्त येतो किंवा कमी पडतो. अशा बीजाचा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही."

"जुन्या पाकिटातल्या टिकलीचा गोंद वाळतो, तसं?"

"हो, तसंच काहीसं."

"आणि यांचं?" मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"पुरुषांची बीजं सतत नवी तयार होत असतात."

"म्हणजे यांचा रोज ताजा माल!" मी म्हटलं. नवरा लाजून चूर. डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं.

घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. मी रोज चालत होते, गोड सोडलं होतं, लोक म्हणायचे तिशीची दिसतेस. त्या दिसण्याला काय चाटायचंय? मी आईच्या पोटात असल्यापासून ती बीजं माझ्याबरोबर होती. बिल्डर, कोर्ट, चावी यातलं त्यांना काय कळणार? आम्ही आपले कॅलेंडरवरचे गणपती मोजत बसलो. मला राग यायचा आणि तो कुणावर काढावा तेच कळायचं नाही.

मग इंजेक्शनं सुरू झाली. स्त्रीबीजं काढायची, प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचे आणि ते तपासायचे. पहिल्या खेपेला एकही धड निघाला नाही. दुसऱ्या खेपेआधी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, आता नाही जमलं तर एखाद्या तरुण बाईचं बीज घेण्याचा विचार करा. नवरा लगेच तयार झाला. मला ते जड जात होतं. माझी आई गेली, मी एकुलती एक. तिचं नाक, तिचे भुरे डोळे आता फक्त माझ्याकडे उरलेत. ते पुढे जावेत एवढाच माझा हट्ट होता. हट्ट म्हणा, वेडेपणा म्हणा.

दुसऱ्या खेपेनंतर दवाखान्यातून फोन आला तेव्हा सासूबाई सिंकपाशी बांगडे साफ करत होत्या. तपासणीपर्यंत एकच गर्भ पोचला होता आणि त्यात एक क्रोमोसोम कमी होता.

"आई, नाही झालं," मी सांगितलं.

त्यांनी मान वर केली नाही. "लग्न झाला तेवाच बगला असता, तर झाला असता?"

खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या तोंडाला ते वळण नाही. "बहुतेक झालं असतं," मी म्हटलं.

त्यांनी नळ बंद केला. मग त्या म्हणाल्या, "आमी दोगांनी गावाक जावन रवाक होया होतां गो. थंय घर रिकामा होता. तुमका खोली गावली असती."

गावचं घर तेव्हा खरंच रिकामं होतं. सासरे रिटायर झालेले, इथे दोघांना अडकवून ठेवणारं काही नव्हतं. इतक्या वर्षांत हे ना मला सुचलं, ना नवऱ्याला. 'असं काही नाही हो आई, तुमचा काय दोष,' एवढं म्हणणं माझं काम होतं. त्याही तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या, ओले हात तसेच धरून. मी म्हटलं नाही.