मीटरापुढं शहाणी झालेली गल्ली

आमच्या गल्लीत द्वारकाबाईंच्या लेकीचा विषय निघाला की मी चहा दुसऱ्यांदा मागवतो; एका कपात ती मावत नाही. तनुजा इंजिनिअर झाली, तेव्हापासून द्वारकाबाई पदराऐवजी मान सावरायच्या.

सिडकोत सासरी राहणाऱ्या या पोरीचं काम असं: संगणकात आख्खं शहर उभं करायचं, कुठल्या गल्लीला किती पाणी लागेल ते काढायचं आणि खऱ्या घरांवर मीटर लावून आकडा ताडायचा. त्यावरून नवे पाइप ठरणार. जायकवाडी भरो न भरो, आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. गल्लीचा जीव त्या पाइपात अडकलेला.

नमुन्याला तनुजानं माहेरचीच गल्ली घेतली. मीटर बसले आणि द्वारकाबाई दारोदार फिरल्या.

"बायांनो, माझ्या तनूचं मीटर हाये. लई फिरवू नका. साहेब म्हणतील, हिची माणसं उधळी हायेत."

"व्हय मावशी, तनूची इज्जत ती आमची इज्जत," सरूबाई म्हणाली.

मग काय! ओटा धुताना नालीला पूर आणणारी सरूबाई ओल्या फडक्यावर आली. ड्रम अर्धेच भरले, धुणी बजाजनगरला बहिणींकडं गेली, पोरांच्या अंघोळी तांब्याभर पाण्यात. द्वारकाबाई तर स्वतःचा नळ निम्म्यातच बंद करायच्या.

माणसं मोजून संगणक जास्त आकडा सांगत होता; खरं तोच बोलत होता. तनुजानं तो खाली ओढत ओढत मीटरशी जुळवला. साहेबांनी पाठ थोपटली. द्वारकाबाईंनी पेढे वाटले. मला दोन, बोभाटा करायला.

पाइप आला तो मनगटाएवढा. शेजारच्या गल्लीला दंडाएवढा. नळ सुटले तेव्हा सुरुवातीच्या घरांनीच पाणी ओढलं. टोकाला द्वारकाबाईंचं घर. तिथं नुसते थेंब.

तनुजा धावत आली. "आई, मीटर होतं तेव्हा हात आखडला होता का तुम्ही?"

"तुझ्यासाठीच की गं."

ती साहेबांकडं गेली. "आकडे तुमचेच, सही तुमचीच," ते म्हणाले. "रस्ता आता कोण उकरणार?"

सरूबाई आता द्वारकाबाईंना मावशी म्हणत नाही. दारावरून जाताना रिकामा हंडा मुद्दाम आपटते. मलाही थट्टा सुचत नाही.

परवा पाण्याच्या वारी मायलेकी नळापाशी बसल्या होत्या. खाली हंडा, बूडही ओलं नव्हतं.

"तनू, एकदा मीटर लाव ना परत," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता आमी लई फिरवू. समद्यांना सांगते मी."

मीटर फिरायलाही पाणी लागतं, हे तनुजाला आईला सांगवेना.