सुनंदाताई आणि लाल परांचा मासा

सुनंदाताईच्या नवऱ्याचा, मिलिंददादांचा फोन आला तेव्हा मी उइटहॉर्नच्या सुपरमार्केटबाहेर सायकलला पिशव्या अडकवत होते. "मेघना, सुनंदा गेली," एवढंच म्हणाले. अर्धांगवायूचा दुसरा झटका. सकाळचा चहा घेता घेता. मी तशीच पिशव्यांसकट नीउ-व्हेनेपला त्यांच्या घराच्या वाटेला लागले. रडू फार उशिरा आलं. वाटेत आधी राग आला होता. आख्खा उन्हाळा पुढे पडलाय आणि ही बाई खुशाल निघून गेली, याचा राग.

आता काही आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, "फार सोसलं हो त्यांनी." सोसलं वगैरे काही नाही. सोसणं हा प्रकारच सुनंदाताईला मान्य नव्हता. ते गैरसमज दूर करावेत म्हणून लिहायला बसले आहे.

ती भंडाऱ्याची. मातीवर संशोधन करायला इकडे डच मुलुखात आली, युट्रेख्टला नोकरीला लागली आणि इथलीच झाली. आमची ओळख भीमजयंतीच्या कार्यक्रमात झाली. तिथेच कधीतरी बोलता बोलता कळलं, की हिला माशांचा नाद आहे. साधा गळ आणि किडा नव्हे, फ्लाय फिशिंग. म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी करायची, आणि लवचिक काठीने, म्हणजे रॉडने, जाड दोराच्या झोकाने ती अलगद पाण्यावर टेकवायची. इथे शेताशेतांमधून उथळ चर काढलेले असतात, त्यांना स्लोट म्हणतात. उन्हाळ्यात त्यांत पाणगवत आणि कमळाची पानं इतकी माजतात, की पाणी दिसतं ते तव्याएवढ्या फटींतूनच. माशी त्या फटीत पडली पाहिजे. खाली रीटफोर्न नावाचा मासा असतो, सोनेरी अंगाचा आणि लालभडक परांचा. मी पुण्याची, अंडंही न खाणारी, पहिल्यांदा तो मासा पाहून दोन पावलं मागे सरले तर ताई म्हणाली, "घाबरू नको वं, तुझ्यासारखाच आहे तो. पालाच खातो. माशी दिसली की मात्र व्रत मोडतो."

पंचशील म्हणतेस आणि गळ टाकतेस, असं तिला पुष्कळांनी ऐकवलं. तिने कधी उडवून लावलं नाही. "त्याला त्रास होतोच," म्हणायची. "म्हणून माझा एक नियम आहे. ज्याला स्वतःच्या हाताने धड सोडता येत नाही, त्याने मासा धरूच नये." गळाचा उलटा काटा ती पकडीने दाबून सपाट करायची. हात आधी ओला करायचा, मासा जाळीत पाण्यातच ठेवायचा, गळ काढायचा आणि तो आपणहून निघेपर्यंत थांबायचं. हे सगळं ती इतकं सहज करायची, की त्याला दोन हात लागतात हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग पहिला झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. चालणं सुधारेल, हाताची आशा धरू नका, असं तिला स्पष्ट सांगितलं गेलं. मिलिंददादा बिचारे म्हणाले, "अगं, तू मासा धर, मी सोडेन. त्यात काय?" त्यावर ताई कडाडली. "मग तो तुझा मासा झाला. मी काय नुसती दोरी हलवायला उभी राहू?" तिने ठरवून टाकलं. येता उन्हाळा एवढाच. एका डाव्या हाताने मासा धरता आला आणि सोडताही आला तर ठीक, नाहीतर रॉड कायमचा देऊन टाकायचा. त्या हाताबरोबर तिच्या आयुष्यातून काय काय गेलं होतं ते आम्ही पाहत होतो. हेही गेलं तर ती उरेल का, हे आमच्यापैकी कोणी बोलत नव्हतं.

हिवाळाभर ती घरासमोरच्या हिरवळीवर उभी असायची. गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधलेला. दोर मागे फेकायचा, तो मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे झोकायचा. सगळी मेख त्या थांबण्यात, आणि ते थांबणं डाव्या हाताच्या अंगवळणीच नव्हतं. दोर तिच्याच गळ्यात पडायचा. कुत्री फिरवायला आलेले लोक दुरूनच रस्ता बदलायचे. "जन्मभर या हाताला मागे ठेवलं," डाव्या हाताकडे बघत ती म्हणायची, "आता रुसून बसलाय, दुसरं काय!" हळूहळू जमत गेलं. दोर ओढायची वेळ आली की रॉड उजव्या काखेत दाबायची आणि डाव्या हाताने ओढायची, हेही तिनेच शोधून काढलं.

जूनमध्ये ती पहिल्यांदा पाण्यावर जाणार होती. मिलिंददादांनी ते ग्रुपवर टाकलं, आणि आपली माणसं! ताईला एकटं सोडतील होय? सतरंज्या आल्या, घडीच्या खुर्च्या आल्या, थर्मास आले, भेळेचं भलंमोठं पातेलं आलं. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ताईने माशी टाकली, पुन्हा टाकली, पाण्यात काही हालचाल नाही. शेवटी ती आमच्याकडे वळली. "माती हा माझा धंदा आहे. ही जमीन म्हणजे कुजलेल्या गवताची गादी. इथं एक माणूस चालला तर पलीकडच्या काठच्या माशाला कळतं. तुम्ही तर वरात घेऊन आलात!" मग तिनेच दोन बशा भेळ खाल्ली आणि हुकूम सोडला की यापुढे फक्त मेघना येईल. का, तर ती वजनाने हलकी आहे आणि तिला मासा खायचा नाही.

तेव्हापासून मी काठावर मांडी घालून, मुंगीसारखी गप्प बसू लागले. जुलै कोरडा गेला. दोनदा मासा लागला आणि गवतात शिरून सुटला. शरद ऋतूत चर साफ करायला यंत्रं येतात, मग गवतही नाही आणि मासाही नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी कमळाच्या दोन पानांमध्ये माशी टेकली आणि पाणी गपकन आत ओढलं गेलं. ताईने रॉड उचलला, काखेत दाबला, दोर ओढत ओढत मासा गवतावरून सरकवत आणला. मग ती गुडघ्यांवर बसली. जाळीचा दांडा गुडघ्याखाली धरला, मासा जाळीत घेतला... मी न राहवून पुढे झुकले. "हात लावू नको," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मी हात मागे घेतला. तिने हात पाण्यात बुडवला, दोन बोटांनी गळ धरला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. मग निघाला. जाळी कलती केली, लाल पर एकदा हलले आणि मासा गवतात गेला. ताई ओल्या चिखलात बसून हमसून हमसून रडली. मीही रडले. मग नाक पुसत म्हणाली, "तू नुसती पाहून काय राहिली? चहा दे."

रॉड कोणाला देऊन टाकावा लागला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने मलाही शिकवायला घेतलं. "रिकामी बसते त्यापेक्षा धर," म्हणाली. ती शेजारी उभी राहून करायची, मी तिचं पाहून करायची. वाहवा तिने एकदाही केली नाही.

गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा एकटी गेले. काठावर एक डच आजोबा भेटले. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही डावखुऱ्या का? नाही म्हटलं. लिहिते, जेवते, पोळ्या लाटते, सगळं उजव्या हाताने. "मग?" त्यांनी बोट दाखवलं. रॉड माझ्या डाव्या हातात होता, आणि चांगला धडधाकट उजवा हात अंगालगत नुसता लोंबत होता. त्याला काही काम द्यावं हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

उजव्याने करून बघा, फार सोपं जाईल, असं ते भल्या मनाने म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. मग दोर मागे टाकला, पूर्ण सरळ होईपर्यंत थांबले, आणि डाव्या हातानेच पुढे झोकला.