बोर्डावरचा नवरा

आमच्या लग्नाचा फोटो तालमीच्या अध्यक्षांनी मागून नेला तेव्हा मला काय माहीत, की ते त्यातून मलाच कापून टाकणार म्हणून! शिवाजी पेठेत आमच्या चौकात तालमीनं भला मोठा बोर्ड लावला आणि त्यावर आमचे हे. अंगात लष्करी वर्दी, मिशीला पीळ, आणि फोटोत माझा हात ह्यांच्या हाताला लागला होता तिथं पेंटरनं बंदूक काढलेली. खाली लिहिलेलं, 'पेठेचा वाघ सीमेवर'. ह्यांना उभ्या आयुष्यात मिशी नव्हती.

कारगिलची लढाई सुरू झाली तो उन्हाळा. हे लष्करात होते हे खरं, पण होते स्वयंपाकी. लपवलेली गोष्ट नव्हती ती, अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. सुट्टीवर आले की तालमीच्या गणपतीच्या महाप्रसादाचा भात ह्यांच्याच गळ्यात पडायचा. अध्यक्ष म्हणजे ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघं एकाच टीममध्ये फुटबॉल खेळलेले. "काय आचारी, दुश्मनाला फोडणी दिलीस का न्हाय?" म्हणून सगळ्यांत जास्त चिडवायचा तोच. आणि आता आचारी हा शब्द कुणाच्या तोंडातून निघेना! एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो, हे तिकडं भात शिजवतात की." तर मलाच म्हणाले, "वैनी, असं चारचौघांत बोलू नगासा. लोकांचा हुरूप जातोय."

मला काहीच उमजत नव्हतं. घरात टीव्ही दिवसभर चालू. हेल्मेट घातलेला माणूस ओरडून बोलायचा, मागं तोफ उडायची, की लगेच थंड पेयाची जाहिरात. दुपारी एक टेकडी आपण घेतलेली असायची, संध्याकाळी चौकात कुणीतरी सांगायचं, कुठली घेतलीय, अजून चालूच आहे. एकाच्या रेडिओवर पलीकडच्या देशाचं स्टेशन लागायचं, तिथं ती टेकडी त्यांचीच. खरं कुणाचं धरायचं? मी आपली त्या पडद्यावर भांडी शोधायची. एवढी माणसं दाखवता, त्यांना जेवायला घालणारं कुणी दाखवा की मेल्यांनो! पण तसलं कुणी दाखवायचं नाही.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांनी कुणी न सांगता दुकानावर झेंडा लावला. हे सुट्टीवर आले की चाचा गरम खारीचा पुडा घेऊन घरी यायचे. तो झेंडा बघून मला कसंतरीच झालं. का झालं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही नीट येत नाही.

ह्यांची पत्रं यायची बंद झाली होती. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं, पण पोस्टमन गल्लीत शिरला की मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, दोघीही हातातलं काम टाकून दारात यायचो आणि एकमेकींकडं न बघता आत जायचो.

मग तालमीनं बाहेरगावचा एक वक्ता आणून चौकात सभा घेतली. त्याचा आवाज मोठा आणि डोळे लाल. रक्त, माती, बदला असं बरंच बोलला. शेवटी सत्कार. आता आमच्याकडं सत्कार म्हटला की हार आलाच. मॅच जिंकली हार, निवडून आला हार, म्हशीनं शर्यत मारली तर म्हशीलासुद्धा हार. ज्याचा सत्कार तो बर्फात, मग करायचं काय? अध्यक्षांनी पाहुण्यांच्या हातानं झेंडूचा हार बोर्डावरच्या ह्यांनाच घातला. टाळ्या, घोषणा, शिट्ट्या! पाहुण्यांनी माईकवरून मला हात जोडले, "या वीरपत्नीला माझा मुजरा." फोटोला हार कधी घालतात हे तेवढ्या गर्दीत एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

आत्याबाईंच्या आलं. ती माउली गर्दी रेटत पुढं गेली, खुर्चीवर चढली आणि हार ओढून काढला. "माझा ल्योक जित्ता हाय, मुडद्यांनो!" अशी ओरडली की माईक हातात नसूनही सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

पण हार दिसायचा तो लोकांना दिसला होता. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत एका दुकानात गेले, तर दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला आणि "लई वाईट झालं" म्हणाला. घरी येते तोवर कागलकडचे पाहुणे वडापची भाड्याची जीप भरून आलेले. बायकांनी दारातच गळा काढला. मी आपली सांगतेय, अहो, तसा काही निरोप नाही, काही झालेलं नाही. तर माझी मावससासू माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "रड पोरी, आत ठिवू नगंस."

संध्याकाळपर्यंत माझंच डोकं फिरलं. एवढी माणसं एवढी मनापासून रडतायत, म्हणजे त्यांना काहीतरी कळलेलं असणार आणि मला सांगत नसणार. दिवा लावायच्या आधी कुंकू लावायला आरशापुढं गेले आणि हात तिथंच अडला. लावू का नको? आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "तुला काय कळलंय का गं?" मी म्हटलं, "तुम्हाला?" दोघींनाही कळलेलं काहीच नव्हतं. कुंकू लावलं मी, पण भीतभीत.

तेवढ्यात चौकातल्या वाणीणबाई खालून ओरडल्या, "फोन आलाय गं! लष्करातनं!" आमच्या घरी फोन नव्हता, त्यांच्याच दुकानाचा नंबर ह्यांच्याकडं होता. मी अनवाणी धावले. पोचले तर फोन ठेवलेला, आणि अध्यक्ष दुकानापुढच्या खोक्यावर उभे राहून गर्दीला सांगतायत, "गडी म्हनला, अध्यक्ष, हितं एकेकाला लोळवतोय! रक्ताच्या शेवटच्या थेंबापतूर लढनार! पेठेची मान खाली जाऊ देनार न्हाय!" पोरांनी फटाक्यांची माळच लावली.

यातलं एक अक्षर ह्यांचं नव्हतं. लग्नात उखाणा घे म्हटल्यावर घाम फुटलेला माणूस तो! मग बोललं कोण? की फोन आलाच नाही, आणि वैनीला धीर द्यायला हे नाटक? की फोन आला तो दुसराच, ज्याची सगळ्यांना भीती होती? मी सरळ अध्यक्षांची बाही धरली आणि त्यांना खोक्यावरून खाली ओढलं. "तुम्हाला तुमच्या लेकराची शपथ. काय बोलले ते सांगा. जसंच्या तसं."

त्यांनी गर्दीकडं बघितलं. मग खाली मान घालून बारीक आवाजात म्हणाले, "वैनी, लाईन लई खराब हुती. मी इचारलं, किती मारलं रं? तर त्यो म्हनला, 'आईला आन् हिला सांग, बरा हाय. ठेवतो आता, भात लागंल बुडाला.'"

मी पायरीवर मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. वर बोर्डावर तो मिशीवाला माणूस बंदूक रोखून उभाच होता. आत्याबाई धापा टाकत आल्या, माझे खांदे गदागदा हलवत म्हणाल्या, "आगं काय म्हनला? सांग की!"

"भात लावलाय म्हणाले, आत्याबाई. बुडाला लागेल म्हणाले."

तिनं पदर तोंडाला लावला. "मग माझाच हाय गं त्यो," म्हणाली, आणि माझ्याशेजारी बसली.