तुळसाबाईनं परत पाठवलेली नोटीस

भंडाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत तुळसाबाई सव्वीस वर्षं भाड्यानं राहिली. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. नवरा गेला, लेक हर्षा शहापूरला सासरी गेली, पण साड्यांना फॉल लावून बाईनं खोल्या टिकवल्या. ब्लाउज बिघडला म्हणून भांडायला येणाऱ्या बायकांना ती एकटी पुरून उरायची. भीत होती ती फक्त कागदाला.

तिचं माहेर लाखांदूरकडचं. तिथे कोर्टाचा माणूस गावात शिरला की पुरुष मंडळी तलावाच्या बांधावर जाऊन बसत आणि बायका घरात कोणी नाही म्हणून सांगत. कागद हातात घेतला नाही की तो लागू होत नाही, ही समजूत तिनं तिथूनच आणलेली. अशी समजूत एकदा डोक्यात बसली की शहाण्या माणसालाही ती खरीच वाटते, आणि तुळसाबाई शहाणीच होती.

म्हातारे घरमालक वारले आणि त्यांचा मुलगा हेमराज दोनदा दारात येऊन गेला. काकू, खोलीबद्दल बोलायचं आहे, म्हणाला. दोन्ही वेळा बाईनं गिऱ्हाईक असल्याचं सांगून त्याला वाटेला लावलं. दिवाळीच्या तोंडावर पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला.  तुळसाबाईनं दार लावलं आणि आतूनच म्हटलं, "तुळसाबाई घरी नाही."

पोस्टमन तिला वीस वर्षं ओळखत होता. त्यानं पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि तो गेला. बाईला वाटलं, बला टळली. पण त्या दिवसापासून दाराशी सायकल थांबली तरी मशीनवरचा तिचा पाय थांबायचा. हर्षाला मात्र तिनं काहीच सांगितलं नाही. लेकीच्या सासरी कळलं तर लाज जाईल, हे दुसरं भय.

मार्चमध्ये कोर्टाचा बेलिफ आला. दार उघडेना, तेव्हा त्यानं समन्स दारावर चिकटवलं. तो गेल्यावर बाईनं ओलं फडकं घेऊन कागद खरवडून काढला. चौथी शिकलेली होती, वाचता येत होतं. पण तिनं अक्षरांकडे बघितलंच नाही, बोळा करून चुलीत टाकला.

पावसाळ्यात हेमराज पुन्हा आला. या वेळी त्यानं गिऱ्हाइकाची सबब ऐकून घेतली नाही. निकाल लागला आहे, दोन्ही खोल्या सोडाव्या लागतील, सामान बांधायला घ्या, एवढं बोलून मान खाली घालून गेला. तेव्हा कुठे हर्षाला फोन झाला.

हर्षा आईला वकिलाकडे घेऊन गेली. हर्षानं आधी फोन केला होता, म्हणून त्यांनी कोर्टातून कागदांच्या नकला काढून आणल्या होत्या. "मी कागद घेतलाच नाही, तं तो मले कसा लागू होते?" तुळसाबाईनं विचारलं. वकिलांनी पाकिटाची नक्कल पुढे सरकवली. पोस्टमननं त्यावर तारखेसह लिहिलं होतं, घेण्यास नकार. कोर्ट नकाराला नोटीस मिळाली असंच धरतं, ते म्हणाले, आणि समन्स दारावर लावूनही कोणी हजर झालं नाही, म्हणून निकाल एकतर्फी झाला.

मग त्यांनी नोटीस वाचून दाखवली. हेमराजला अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी मागची खोली हवी होती. पुढची खोली तुळसाबाईकडेच ठेवायला तो तयार होता. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर दोन्ही खोल्यांसाठी दावा लावणार होता.

 तुळसाबाईनं हर्षाला तोच भाग पुन्हा वाचायला लावला. हर्षानं वाचला आणि रडत विचारलं, "आई, मले काहून नाही सांगितलं?"

वकील म्हणाले, निकाल रद्द करून घ्यायला तीस दिवसांत अर्ज करता येतो. त्यातले चोवीस निघून गेले आहेत. अर्जात गैरहजर राहण्याचं कारण द्यावं लागेल, आणि ते कोर्टाला पटेलच असं मी सांगू शकत नाही. आजारपण वगैरे काही होतं का, त्यांनी विचारलं.

हर्षानं आईकडे पाहिलं. होतं म्हणणं सोपं होतं. तुळसाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"नाही जी. लिहा, मले भेव वाटत होतं," ती म्हणाली. "आता बी वाटून राहिलं."