गाव उठलं तेव्हा सुमी राहिली

आधीच सांगून ठेवते, मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर माणसं मोजायची आणि तिकिटं द्यायची, हाच माझा धंदा. इथे लोक भुतांचे अनुभव लिहितात ना, मागच्या सीटवर एक बाई बसली होती आणि मग नव्हतीच... ते वाचून मी हसायची. म्हणायची, बसली होती तर तिकीट काढलं होतं का तिनं? भूत असो नाहीतर कोणाचा साळा असो, माझ्या गाडीत फुकट कोणी बसत नाही. अंगात येणं, लिंबू-मिरची, असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. आजही घालत नाही, असंच म्हणते. फक्त म्हणताना आवाज पहिल्यासारखा निघत नाही.

आम्ही सानगडीचे. म्हणजे आता सानगडीचे. माझा जन्म नागझिऱ्याच्या डोंगरातल्या एका लहान गावातला. नाव लिहीत नाही, कारण ते गाव आता नाही. जंगल राखायचं म्हणून गाव उठवलं, तेव्हा मी लहान होते. लोकांनी दारं, लाकडी बल्ल्या, छपराचे कवेलू, सगळं बैलबंड्यांत भरून खाली आणलं.

माझी मोठी बहीण तिथेच राहिली. सुमी. सहा वर्षांची असताना तापानं गेली, मी तेव्हा पाळण्यात होते. लेकरू म्हणून जाळलं नाही, गावाच्या कडेला आमच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं. जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड आणि बोरीच्या काट्या. फोटो एकही नाही. त्या वेळी आमच्यात फोटो कोण काढायचं?

आता गाव उठताना आमच्याकडची रीत अशी, की घरातल्या मोठ्या माणसानं उंबरठ्यावर उभं राहून घरच्या मेलेल्यांना नावानं हाक मारायची. 'चला, गाव उठलं.' मग चुलीचा एक दगड बंडीत ठेवायचा आणि मागे वळून बघायचं नाही. आजीनं आजोबांना हाक मारली, पणजोबांना मारली, विहिरीत पडलेल्या काकालाही मारली. माय हळूच म्हणाली, "अन् सुमी?" आजी म्हणाली, "लेकराले हाक मारत नाई. त्याचं पितरात पान नसते. ते देवाचं." माय सून होती, चूप बसली. बंडी निघाली.

हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मायनं तोंडातून शब्द काढला नाही. मागच्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, एक डोळा गेला, दुसरा चाललेला. तेव्हा एकदा भाजी निवडता निवडता सगळं सांगितलं आणि म्हणाली,

"लता, मले एकडाव गावात ने. डोये हायेत तवरक. तिले हाक माराची हाय."

"माय, तिथं काय हाय आता? गवत हाय नुसतं."

"त्या गवतातच हाय ना वो ते."

डोळ्यांना पाणी येऊ नये म्हणून मी तिच्यावरच खेकसले, आणि मग सफारीचं बुकिंग केलं. स्वतःच्याच गावात जायला तिकीट आणि आधार कार्ड!

मार्च सरत आला होता. पिटेझरी गेटवरून सकाळची जिप्सी. ड्रायव्हर, गाईड, मी, माय आणि नागपूरचं एक जोडपं. नवऱ्याच्या गळ्यात हातभर कॅमेरा. सवयीनं मी सीट मोजले, म्हणजे माणसं, सहा. गाईड कल्पना म्हणून एक बाई होती, बोलायला गोड. पण गाडीतून खाली उतरता येणार नाही, हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं. मायनं साडीच्या पदरात काहीतरी गच्च धरलं होतं. मी विचारलं नाही.

डोंगर चढताना हवेत मोहाचा तो गोड, जरा उग्र वास यायला लागला. मायचा एकच डोळा, तोही अर्धा. पण वळणं तिला पाठ होती. "आता नाला येईन," म्हणायची, की नाला यायचा. "आता गोटा लागन, म्हशीवानी." म्हशीएवढा दगड लागला. नागपूरवाला वैतागला होता. "आजी, जरा हळू बोला, वाघ पळेल." मी म्हटलं, "भाऊ, वाघ तुम्हाला रोज दिसेल. तिला हे परत दिसणार नाही." नंतर बिचाऱ्यानंच मायला पाण्याची बाटली दिली.

वर मोकळं मैदान लागलं. गुडघाभर वाळलेलं गवत. घर नाही, भिंत नाही, विहिरीवर लोखंडी जाळी तेवढी. मी इथे जन्मले यावर माझाच विश्वास बसेना. आणि पलीकडच्या कडेला मोहाचं मोठं झाड. खाली पिवळी फुलं पडलेली आणि चितळांचा कळप ती खात होता.

"तेच," माय म्हणाली.

कल्पनानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, गाडी थांबली. इंजिन बंद केलं. माय सीटचा दांडा धरून उभी राहिली. मला वाटलं ही आता रडेल, ओरडेल, आपल्याला धरावं लागेल. तसं काही नाही. अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं, तशी साध्या आवाजात म्हणाली,

"सुमे... चाल बाई. गाव उठलं."

एवढंच. मग पदरातला दगड काढून तिनं कपाळाला लावला. आमच्या जुन्या चुलीचा दगड. सानगडीच्या घरात तुळशीपाशी असायचा.

चितळांनी माना वर केल्या. माणसाच्या आवाजानं ती पळायला पाहिजेत, नाही का? पळाली नाहीत. आमच्याकडे बघतही नव्हती. सगळी झाडाच्या बुंध्याकडे बघत होती. मग सावकाश दोन्हीकडे सरकली, गुराखी पुढून चालत यावा आणि गुरांनी वाट द्यावी तशी. मधून काहीच आलं नाही. गवत जरा हललं. वारा असेल, मी तेव्हाही असंच म्हटलं. पण कल्पना कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मी इतके वर्षं येऊन राहिली, असं कधी पाह्यलं नाही." नागपूरवाल्यानं कॅमेरा उचललाच नाही.

गेटवर परत आल्यावर सवयीनं पुन्हा सीट मोजले. सात आले. चिडून परत मोजले तर सहा. म्हटलं, ऊन लागलं.

साकोलीहून सानगडीची गाडी पकडली. कंडक्टर देवरावभाऊ, आमच्याच डेपोचे, रिटायरमेंटला आलेले. हिशेबाचा एवढा पक्का माणूस की त्यांची थट्टा व्हायची. माय तीन जणांच्या सीटवर मधे बसली.

"माय, खिडकीकडे सरक ना."

"राहू दे खिडकी."

गाडीत उभी माणसं होती. त्या खिडकीवर कोणी बसायला आलं नाही, आणि का आलं नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही. देवरावभाऊ आले. मायचं वय पंचाहत्तरच्या वर, तिचं फुकट तिकीट. माझा पास. त्यांनी मशीन दाबलं, मायच्या हातात कागद ठेवले आणि म्हणाले, "हे तुमचं, अन् हे पोरीचं हाफ."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं माझा हात दाबला. पदराची गाठ सोडून पैसे दिले आणि तिकीट चोळीत ठेवलं. उरलेला सगळा रस्ता ती रडत होती, पण तोंडावर हसू होतं. माझ्या मायला असं हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेपोत मी देवरावभाऊंना धरलं. हाफ तिकीट काढताना पोरगं नीट बघावं लागतं, उंची बघून वय ठरवावं लागतं, हे मला कोणी शिकवायला नको. "भाऊ, हाफ कोणाचं काढलं?"

"खिडकीतल्या पोरीचं. काहून, चुकलं का? पाच-सहा वर्षांची तर होती. हिरवं झबलं, त्याले एक बाही लाल. मोहफुलं चघळत बसली होती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या घरची नोहे का?"

"आमचीच," मी म्हटलं.

माय पावसाळ्यात गेली. त्या चार महिन्यांत ती रात्री भिंतीकडे सरकून, अर्धी खाट मोकळी ठेवून झोपायची. तिकीट तिच्या पेटीत मिळालं, पण मशीनचा कागद तो, पार कोरा झालाय. कोणाला दाखवणार?

सुमीला पुरलं तेव्हा तिच्या अंगावर काय होतं, हे फक्त मायलाच माहीत होतं. विचारायला चार महिने होते. हिरवं झबलं होतं का, हे रोज ओठांवर यायचं. ती 'हो' म्हणाली तर काय करू, आणि 'नाही' म्हणाली तर मायचं काय होईल, या भीतीनं मी विचारलंच नाही. आता सांगणारं कोणी नाही.

यंदा पितरात मी दोन पानं वाढली. एक मायचं, एक लहान.