भिंतीला टेकलेली पाठ

चिंचवडला आमच्या चाळीला लागूनच एका कारखान्याने मोठ्या मशीनच्या पायासाठी खोल खड्डा खणायला घेतला आणि आमच्या भिंतीला भेग पडली. आई तावातावाने मुकादमाकडे गेली. त्या धिप्पाड माणसाने वाद घातला नाही. भाकरीचं फडकं घेऊन आला आणि खड्ड्याच्या बाजूने त्याच भिंतीला पाठ टेकून जेवायला बसला.

"ताई, पडली तर आधी माझ्या अंगावर पडंल," म्हणाला.

मग तो रोज तिथेच जेवायचा. एकदा पाठीला भिंत सरकल्यासारखी जाणवली आणि घास हातातच राहिला. ओरडून त्याने खोदकाम थांबवलं, भिंतीला वाशांचे टेकू लावून घेतले आणि उरलेली भाकरी पुन्हा तिथेच बसून संपवली.

चाळ अजून उभी आहे. शेजारी खणायला आलेला कुणी साहेब "काही होणार नाही" म्हणाला, की आई त्याला भिंतीलगत पाट मांडून देते.