भिंतीवरची माणसं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात बायनाबाई राहायची. पावसाळ्यात धानाची लावणी, म्हणजे रोवणा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणं. नवरा लवकर गेला, पण लेकीला तिनं शिकवून नर्स केलं. कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई, अशीच तिची ओळख.

गावच्या बाजारचौकात समाजमंदिर होतं. छप्पन साली गावची माणसं चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतली, तेव्हा हरिदास पेंटरनं एकेकाला समोर बसवून समाजमंदिराच्या भिंतीवर ती चांद्याची वाट तैलरंगात रंगवली होती. पुढे दरसाल चुना लागत गेला आणि चित्र दिसेनासं झालं.

शहाऐंशी साली रस्ता रुंद करण्यासाठी भिंत पाडायचं ठरलं. बायनाबाई कापणी टाकून सरपंच बापूरावांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तिथी आता चित्र आहे कुठी? चुनाच चुना."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची बादली आणि दोडक्याची जाळी घेऊन ती भिंत घासायला लागली. भिजलेल्या चुन्याचे पोपडे सुटले. आधी बैलाचा डोळा दिसला, मग गाडीचं चाक. शेजारची रुखमा आली, मग वस्तीतल्या बाया आल्या. गोंडटोल्यातली नीलाबाई बाजाराला आली होती, ती मोहाच्या झाडाखाली वाटसरूंना पाणी पाजणारा माणूस पाहून थबकली. तो तिचा बाप होता. तिनं टोपली खाली ठेवली आणि पाणी आणायला गेली.

दुपारी बायनाबाईच्या हाताखालून एक गोंदलेली हनुवटी वर आली. तिच्या मायचा फोटो कधी निघालाच नव्हता. चेहराही ती विसरली होती, हनुवटीवरचं गोंदण मात्र नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला. बापूराव आले ते चपला काढूनच पुढे सरकले.

मग सगळे एसटीनं चंद्रपूरला जाऊन इंजिनिअरला घेऊन आले. त्यानं भिंत पाहिली. रस्ता वळवता येईल, पण समोरच्या घरांना जागा सोडावी लागेल, असं तो म्हणाला. बाकीचे घरवाले तयार झाले, त्यांच्यातला देवाजी अडून बसला. बायनाबाई त्याच्या दारात पुन्हा पुन्हा जात राहिली. शेवटी एके सकाळी तो स्वतःच आपली पडवी उतरवताना दिसला.

"काऊन देवाजीभाऊ?" तिनं विचारलं.

"दार उघडलं का भिंतीवरचे इतके लोकं माह्याकडे पाहून राह्यले," तो म्हणाला. "मले जेवण जाईना."

रस्ता वळला. भिंतीवर टिनाचं छप्पर आलं. घासताना एका कोपऱ्यातले काही चेहरे मात्र कायमचे गेले होते, आणि ते कुणाचे हे कुणालाच आठवेना.

लेक सुट्टीत आली तेव्हा बायनाबाईनं तिला भिंतीपुढे नेलं.

"हात जोड," ती म्हणाली, "ही तुही आजी आहे."